नवी सायकल नको, आहे तीच बदला

कोकण सफरीसाठी घरची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक) चालेल का, असं विचारलंय तुम्ही. नक्की चालेल! आधी टायर बदला. खडबडीत गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर नुसते घूं घूं करतात आणि दम काढतात, १.५ किंवा १.७५ इंची गुळगुळीत टायर लावले की लगेच फरक कळतो. गिअरना मात्र हात लावू नका. पुढे पेडलपाशी २२ दातांची छोटी चकती असेल तर सामानासकट घाट चढताना तीच तारते, रोडबाइकला ते सुख नाही. डिस्क ब्रेक असतील तर कॅरियर घ्यायला सायकल सोबत न्या, त्याचा डावा दांडा बऱ्याचदा कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला अडतो. आणि पाठीवर सॅक अजिबात नको, सगळं सामान पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्यांमध्ये. सस्पेन्शनला लॉकआउट, म्हणजे ते दबू नये म्हणून बंद करायची सोय असेल, तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बदलायचा खर्च सध्या राहू द्या.