लॉस सँटोसचं तिसरं तिकीट: जुना खेळ नव्या यंत्रावर पुन्हा विकणं रास्त आहे का?

अर्धवट_मिशन (धागाकर्ता)

जीटीए फाइव्ह (ग्रँड थेफ्ट ऑटो, लॉस सँटोस हे त्यातलं शहर) मी पहिल्यांदा खेळलो प्लेस्टेशन 3 वर, सप्टेंबर 2013 मध्ये, आला त्याच आठवड्यात. नोव्हेंबर 2014 मध्ये तो प्लेस्टेशन 4 वर आला, तेव्हा परत घेतला. मार्च 2022 मध्ये प्लेस्टेशन 5 वर आला, तेव्हा... तेव्हाही घेतला. बोंब मारणारा मीच आणि पैसे मोजणाराही मीच, हे आधीच कबूल करतो. खाली कुणाला ते शोधायचे कष्ट नकोत.

दुसऱ्या खेपेबद्दल माझी तक्रार नाही. फर्स्ट पर्सनमधून खेळायची सोय आली, प्रत्येक गाडीचा डॅशबोर्ड नव्याने घडवला, रेडिओवर शंभराहून जास्त नवी गाणी आली. पैसे वसूल. पण तिसरी खेप म्हणजे शिळ्या कढीला ऊत. नायकही तेच, तोच मायकेल पूलच्या काठावर, तोच फ्रँकलिन मावशीच्या घरात. 2014 मध्ये गोष्टीत भर घालू, असं खेळ बनवणाऱ्या रॉकस्टारने 2013 सालीच सांगितलं होतं. ती भर काही आली नाही. फ्रँकलिन पुन्हा भेटला तो डिसेंबर 2021 मध्ये, आणि तोही ऑनलाइनमध्ये, म्हणजे इतरांबरोबर नेटवर खेळायच्या भागात.

पहिल्या तीन दिवसांत 1 अब्ज डॉलरचा धंदा, आजवर 20 कोटींहून जास्त प्रती. एवढं कमावल्यावर जुन्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती तशीच दिली असती तर काय बिघडलं असतं? मार्च 2025 मध्ये पीसीवाल्यांना रे ट्रेसिंगसकट (खऱ्यासारखा प्रकाश दाखवायचं तंत्र) फुकट दिलीच ना? मग कन्सोलवाल्यांनी काय घोडं मारलं होतं?

साठ_फ्रेम

शिळी कढी? राव, तुम्ही प्लेस्टेशन 3 वरची आवृत्ती एवढ्यात परत लावून बघितलीत का? मी बघितली.

रात्री खेळातल्या व्हाइनवूडच्या टेकड्यांवरून वेगात गाडी खाली आणायची. वळणावर समोरचं कुंपण आधी मळकट ठिपक्यासारखं दिसतं, आपण आदळतो, आणि मग त्याच्या फळ्या नीट उमटतात. बिचाऱ्या यंत्राची तरी काय चूक! 256 एमबी मेमरी, वर चित्रांसाठी आणखी 256. एवढ्यात अख्खं शहर, डोंगर आणि समुद्र बसवलाय. एक्सबॉक्स 360 वर तर दोन डिस्क होत्या, एक हार्ड डिस्कवर चढवायची आणि दुसरी आत ठेवून खेळायचं. दोन्हीकडून एकदम वाचलं तरच रस्ता वेळेवर तयार व्हायचा.

आता तेच वळण 60 फ्रेमला, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवर, घ्या. 30 ला एक चित्र पडद्यावर 33 मिलिसेकंद असतं, 60 ला त्याच्या निम्मं. आकडा सोडा, स्टिअरिंग हाताला ऐकतं. मी 2013 पासून ज्या कठड्यावरून खाली पडायचो तिथे आता पडत नाही. खेळ तोच असेलही, पण मी तो पहिल्यांदाच नीट खेळतोय.

आणि पैशाचंच म्हणाल तर प्लेस्टेशन 5 वर पहिले तीन महिने गोष्टीचा भाग 10 डॉलरला होता, ऑनलाइन फुकट होतं, जुनी सेव्हही (साठवलेली प्रगती) पुढे नेता आली. 2014 ला गोष्टीची सेव्ह नेता आली नव्हती, पहिल्या दरोड्यापासून पुन्हा सुरुवात. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

अर्धवट_मिशन

सेव्हचा मुद्दा मान्य, विसरलो होतो. पण 60 फ्रेमसाठी पैसे का? प्लेस्टेशन 4 ची डिस्क प्लेस्टेशन 5 मध्ये चालते, फक्त 30 वर अडकते. ते कुलूप काढायचं, झालं. रॉकस्टारच्याच जुन्या रेड डेड रिडेम्प्शनचं बघा. ऑगस्ट 2023 मध्ये 50 डॉलरला, मल्टिप्लेअर गाळून, 30 फ्रेमवर आणला. लोकांनी आरडाओरडा केला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 5 वर 60 ची सोय फुकट आली. दोन महिन्यांत! बटण होतंच, दाबायचं नव्हतं.

सेमीकोलन_काका

"कुलूप काढायचं, झालं." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधी दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड उघडलेला नाही.

जीटीए फोरचं शेवटचं मिशन आठवतंय? त्याचा नायक निको हेलिकॉप्टरला लटकतो आणि वर चढायला एक बटण भराभर दाबायचं असतं. पीसीवर 60 फ्रेमला ते बटण बोट मोडेपर्यंत बदडा, गडी वर चढत नाही. गणित 30 फ्रेम धरून बांधलेलं. लोक फक्त तेवढ्या एका दृश्यासाठी फ्रेम मुद्दाम खाली आणतात. जीटीए सॅन अँड्रियासमध्येही फ्रेमची मर्यादा काढली की पोहण्याचा वेग मंदावतो. असे खिळे कुठे कुठे ठोकलेत हे अख्खा खेळ पुन्हा पुन्हा खेळल्याशिवाय कळत नाही, आणि खेळून बघणारी माणसं पगार घेतात. जीटीए फाइव्ह तर मुळात प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 साठी लिहिलेला, तिथून उपटून दुसरीकडे लावणं म्हणजे रोप बदलणं नव्हे, वडाचं झाड हलवणं आहे.

तेव्हा कामाचे पैसे घेतले तर बोंब कशाला?

साठ_फ्रेम

काका, +1. झाड मात्र 2014 लाच हललं होतं बरं का, 2022 ला फक्त कुंडी मोठी केली. मी तुमच्याच बाजूने आहे, तरीही.

पारावरची

काका, कामाचे पैसे जरूर घ्या, पण काम केलं तर! ऑनलाइन सुरू व्हायला किती वेळ लागायचा हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. 2021 च्या सुरुवातीला एका खेळाडूने बाहेरच्या बाहेर, सोर्स कोड हातात नसताना, शोधून काढलं की खेळ सुरू होताना दुकानातल्या सुमारे 63 हजार वस्तूंची 10 एमबीची यादी वाचली जाते, आणि ती इतक्या अडाणीपणे वाचली जाते की दर आकड्याला उरलेली अख्खी यादी शेवटपर्यंत मोजून होते. त्याने दुरुस्ती केली, त्याच्या पीसीवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीने त्याला 10 हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये सुधारणा सगळ्यांना दिली. ते चांगलंच केलं. पण पीसीवर खेळ आला एप्रिल 2015 ला! सहा वर्षं ही यादी कुणी उघडून बघितली नाही, आणि त्या यादीत होतं काय, तर आपल्याला विकायच्या वस्तू.

सेमीकोलन_काका

ताई, तो कोड मी बघितला असता तर मलाही लाज वाटली असती. तो मुद्दा तुमचा. वडाचं झाड माझं राहू द्या.

खोटा_पाऊस

सगळे जीटीए फाइव्हवरच भांडताय, तो तर त्यातल्या त्यात बरा नमुना आहे. नोव्हेंबर 2021 ची ट्रिलॉजी विसरलात? जीटीए तीन, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे जुने खेळ नव्याने, एकत्र. पाऊस पडला की पडद्यावर पांढऱ्या रेघा, समोरचा रस्ता दिसत नाही. डोनटच्या दुकानावरची ती आकृती मुळात नटबोल्टमधला नट होती, दुकानाचं नावच 'टफ नट'. नव्या आवृत्तीत कडा इतक्या गुळगुळीत केल्या की नटाची गोल चकती झाली. विनोद गेला आणि चकती राहिली. आठवड्याभराने कंपनीला माफी मागावी लागली.

पण माझा राग त्या पावसावर नाहीच. ट्रिलॉजी यायच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, जुने तिन्ही खेळ ऑनलाइन विक्रीतून काढून टाकले होते. वाईट नवं घ्या नाहीतर काहीच नको! बोंबाबोंब झाल्यावर पीसीसाठी जुने परत ठेवले. त्याच वर्षी ज्या चाहत्यांनी तीन आणि व्हाइस सिटीचा कोड उलगडून आधुनिक यंत्रांवर चालता केला, त्यांच्यावर सप्टेंबरमध्ये टेक-टूने (रॉकस्टारच्या मालक कंपनीने) खटला भरला. म्हणजे स्वतः नीट करायचं नाही आणि दुसऱ्याने केलं की कोर्टात ओढायचं.

शंभर वेळा विका हो. मला काही म्हणायचं नाही. नवं मांडताना जुनं फळीवरून का उचलता, एवढंच सांगा.

मेमरी_कार्ड

खटल्याबद्दल असहमत. चाहते कितीही गुणी असले तरी तो कोड त्यांचा नव्हता, आणि आज सोडलं तर उद्या कुणी तोच वापरून विकायलाही बसेल. मालकाला कुंपण घालावंच लागतं.

आणि जुनं उचलण्यामागे दर वेळी हावच असते असंही नाही. जीटीए फोरमधली गाणी एप्रिल 2018 मध्ये गेली, कारण दहा वर्षांचे हक्क संपले. व्लादिवोस्तोक एफएम हे खेळातलं रेडिओ स्टेशन तर जवळपास रिकामं झालं, मग तिथे दुसरी गाणी भरली. 2020 मध्ये पीसीवर मल्टिप्लेअर गेलं, कारण ज्या जुन्या सेवेवर ते उभं होतं तिच्या चाव्याच (खेळ चालू करायचे कोड) मिळेनाशा झाल्या. खेळ हा दगडी वाडा नाही, भाड्याच्या सामानावर उभा केलेला मांडव आहे. म्हणून तर पुन्हा आणत राहायला हवं. जीटीए फोर प्लेस्टेशन 4 साठी निघालाच नाही, बघा त्याची काय अवस्था झाली. तुमचं प्लेस्टेशन 3 ज्या दिवशी डोळे मिटेल त्या दिवशी तिसरं तिकीट आठवेल.

खोटा_पाऊस

भाड्याच्या सामानाचं ठीक. पण मी 2008 ला गाण्यांसकट पैसे भरले होते. 2018 ला अपडेट आलं आणि माझ्या प्रतीतली गाणीही गेली. गाडी सर्व्हिसिंगला टाकावी आणि परत घेताना टेप काढलेला असावा, तसं झालं. हक्क संपले तर नव्याला विकू नका, माझ्या घरात कशाला शिरता?

मेमरी_कार्ड

यावर माझ्याकडे उत्तर नाही. डिस्क असेल तर नेट तोडून, अपडेट न घेता खेळा.

पारावरची

"नेट तोडून खेळा." 20 कोटी प्रती विकणाऱ्या धंद्याला दिलेला हा सल्ला नव्हे, गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला आहे. बाकी चालू द्या.

अर्धवट_मिशन

चर्चा भलतीकडे गेली, पण बरी गेली. फुकटचा मुद्दा मी सोडत नाही. मात्र खोटा_पाऊस यांचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त खरं आहे, धाग्याचं नाव तसं ठेवायला हवं होतं.

साठ_फ्रेम यांच्या सांगण्यावरून काल प्लेस्टेशन 3 वर धूळ झटकून डिस्क टाकली. ऑनलाइन 16 डिसेंबर 2021 ला बंद झालं ते सोडलं तर सगळं जिवंत आहे. कुंपण तसंच, मळकट. मग फ्रँकलिनवरून ट्रेव्हरवर, म्हणजे तिसऱ्या नायकावर, गेलो. कॅमेरा टप्प्याटप्प्याने आभाळात चढला आणि ढगांवर थांबला. थांबला म्हणजे थांबलाच, आत हार्ड डिस्क कुरकुरतेय आणि खाली शहर नकाशासारखं पसरलंय. तेवढ्या वेळात मी मनात पैज लावायचो की हा बाबा आज कुठे सापडणार. नव्या यंत्रावर पैज लावायला वेळच मिळत नाही.

साठ_फ्रेम

म्हणजे लोडिंगची वाट बघायला मिळत नाही ही तक्रार आहे तुमची? धन्य! पण कुठे सापडला ते सांगा.

अर्धवट_मिशन

डोंगरावर. बायकी झगा घालून.