मदत हवी आहे: लेझर बंद असतानाही प्लाझ्मा तापतोय

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीची, पीएचडीचं दुसरं वर्ष. पार्टिकल-इन-सेल पद्धतीने (कण मोकळे फिरतात, विद्युत-चुंबकीय क्षेत्रं मात्र चौकटींच्या जाळीवर, म्हणजे सेलवर मोजतात) लेझर-प्लाझ्माचं सिम्युलेशन करते आणि तीन आठवडे एकाच जागी अडलेय.

मांडणी अशी: ८०० नॅनोमीटरचा लेझर, समोर ५ मायक्रॉन जाडीचा प्लाझ्माचा थर. घनता दर घनसेंटीमीटरला १० चा २१ वा घात इतके इलेक्ट्रॉन, तापमान १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट. टू-डी, २०४८ × २०४८ सेल, सेल २० नॅनोमीटरचा, सेलमागे ८ कण.

शंका आली म्हणून लेझर बंद ठेवून रन टाकला. आज सकाळी ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर लॉग उघडला, तर एकूण ऊर्जेचा रकाना ओळीगणिक चढतच होता. बाहेरून काही येत नाही, मग ही ऊर्जा कुठली? कण ३२ केले, चढ मंदावला, थांबला नाही. टाइमस्टेप निम्मा करूनही तेच.

डिबाय लांबी (प्लाझ्मात एखाद्या विद्युतभाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात झाकला जातो ते अंतर) जेमतेम २.३ नॅनोमीटर येते. माझा सेल त्याहून खूप मोठा, त्यामुळेच ही खोटी ऊर्जा येत असावी असं वाटतं. सेल तेवढा बारीक केला तर दोन्ही दिशांना सेल वाढणार, वर टाइमस्टेपही लहान होणार. खर्च सहाशेपटीच्या पुढे. एवढे कोअर-तास आम्हाला मिळणार नाहीत.

शिवाय बॉक्सचे तुकडे करून एकेक तुकडा सांभाळणारे समांतर प्रोसेस ६४ ऐवजी २५६ घेतले (१६ × १६), तरी वेळ निम्मासुद्धा झाला नाही. कृपया मार्ग सुचवा.

वाशीकर: ताई, निदान बरोबर आहे, हे न्यूमेरिकल हीटिंगच, म्हणजे गणनेतल्या त्रुटीमुळे होणारं खोटं तापणं. सेल लगेच बारीक करू नका. कणाचा आकार (त्याचा भार किती सेलवर पसरतो ते) पहिल्या ऑर्डरचा असेल तर जास्त पसरट, तिसऱ्या ऑर्डरचा घ्या, करंटला स्मूदिंग लावा, म्हणजे त्यातले बारीक चढउतार गुळगुळीत करा. सुरुवातीचं तापमान १००० करून पाहा. डिबाय लांबी तिपटीहून वाढते. लेझर इलेक्ट्रॉनना त्याच्या कितीतरी वर नेणार असेल तर चालतं, पण लेझर पोचण्याआधी थर फुगत नाही ना, हे तपासा.

आता वेग. १६ × १६ तुकड्यांत बहुतेक प्रोसेसच्या वाट्याला नुसती पोकळी येते आणि थरावरचे मोजके राबतात. थर उभा, बॉक्सच्या मधोमध असेल तर आडव्या दिशेत फक्त २ भाग करा, उभ्या दिशेत १२८. प्रत्येकाला थराचा सारखा वाटा मिळेल.

ऐरोलीची: दादा, मनापासून आभार! थर मधोमधच आहे. तिसरी ऑर्डर आणि २ × १२८ लावून, लेझर बंदच ठेवून रन रांगेत टाकलाय. आलेख आला की इथेच टाकते. तापमानाचं मात्र आधी गाइडना विचारते.