‘प्रायमरी संपल्यात जमा आहे’ म्हणणाऱ्यांना: मिशिगनचा गव्हर्नर पोलवर ठरत नाही

नोव्हीकर
परवा दुसऱ्या धाग्यावर आकडेबाज यांनी लिहिलं, "मिशिगनची २०२६ ची गव्हर्नरपदाची प्रायमरी संपल्यात जमा आहे. रिपब्लिकनांकडून जॉन जेम्स, डेमोक्रॅट्सकडून जोसलिन बेन्सन. पोलमध्ये दोघंही इतके पुढे आहेत की ४ ऑगस्टला नुसती औपचारिकता उरली आहे." तिथे चार ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा धागा. (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, पोल म्हणजे मतचाचणी.)

ही औपचारिकता आपण २०२२ मध्ये पाहिली आहे. रिपब्लिकन पोलमध्ये तेव्हा डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग पुढे होते. गव्हर्नरपदाच्या अर्जासोबत १५,००० वैध सह्या लागतात. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी खोट्या सह्या भरल्या आणि क्रेग, पेरी जॉन्सन धरून पाच जण मतपत्रिकेवर आलेच नाहीत. जिंकल्या टूडर डिक्सन, ज्यांना सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं. ट्रम्प यांचा पाठिंबा त्यांना मिळाला तो मतदानाला आठवडाही उरला नसताना. मध्यंतरी दुसरे उमेदवार रायन केली यांना ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्याच्या प्रकरणात एफबीआयनं अटक केली, तर नंतरच्या एका पोलमध्ये तेच पहिले! यातलं काय आधी सांगता आलं असतं?

दुसरं म्हणजे, तुम्ही दाखवता ती आघाडी नावाच्या ओळखीची आहे. जेम्स दोनदा सिनेटला पडले, मग काँग्रेसमध्ये गेले. २०१८ पासून दर निवडणुकीत टीव्हीवर आहेत. बेन्सन सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे इथे निवडणुका आणि गाडीचं लायसन्स सांभाळणाऱ्या खात्याच्या प्रमुख. लायसन्स काढायला गेलेल्या प्रत्येकाला त्यांचं नाव ठाऊक. फोन आला की माणूस ओळखीचं नाव सांगून मोकळा होतो. मत ठरतं जुलैत.

आणि आपल्याकडे पक्षाची नोंदणीच नाही. ऑगस्टला कोणीही उठून कुठल्याही पक्षाच्या रकान्यात मत देऊ शकतो. मग पोलवाले ‘प्रायमरीचा मतदार’ म्हणून कोणाला फोन करतात? २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत याच राज्यात हिलरी क्लिंटन पोलमध्ये वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या. जिंकले सँडर्स.

आकडेबाज
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही सविस्तर घ्या.

क्रेग यांचा अर्ज बाद झाला यात पोलचा काय दोष? ते मतपत्रिकेवर असते आणि हरले असते, तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

२०१६ सगळेच उगाळतात. २०१८ ची गव्हर्नरपदाची प्रायमरी का सोडलीत? डेमोक्रॅट्सकडून ग्रेचेन व्हिटमर विरुद्ध डावे अब्दुल एल-सय्यद. एल-सय्यद यांच्यासाठी खुद्द सँडर्स आणि ओकासिओ-कॉर्टेझ मिशिगनला येऊन गेले. २०१६ चीच पुनरावृत्ती होणार, पोल पुन्हा तोंडघशी पडणार, असं इथलेच लोक छातीठोकपणे सांगत होते. शेवटच्या पोलमध्ये व्हिटमर दुहेरी आकड्यांनी पुढे होत्या आणि निकाल लागला व्हिटमर ५२, एल-सय्यद ३०. रिपब्लिकन बाजूला बिल शूटी पुढे होते, तेच जिंकले. लेफ्टनंट गव्हर्नर असूनही ब्रायन कॅली यांना त्यांच्या निम्मीच मतं पडली.

जॉर्जिया २०२२ बघा. ट्रम्प यांनी पदावर असलेले गव्हर्नर केम्प यांच्यासमोर पर्ड्यू यांना उभं केलं, सगळे म्हणाले केम्प गेले. पोल म्हणत होते केम्प जिंकणार, आणि ते पन्नास टक्क्यांहून जास्त फरकानं जिंकले. न्यू जर्सीत २०२५ च्या जूनला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत सहा डेमोक्रॅट्स होते. पोलमध्ये मिकी शेरिल पुढे होत्या, त्याच जिंकल्या. पोल पाचात एकदा चुकतो म्हणून उरलेले चार वेळा डोळे मिटून घ्यायचे, हे मला पटत नाही.

तळेगावकर
२०१८ निघालं आणि श्री ठाणेदारांचं नाव तुम्हा दोघांपैकी एकानंही घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. बेळगावचा, मराठी बोलणारा माणूस, अ‍ॅक्रनला पीएचडी करून स्वतःच्या हिमतीवर कंपनी उभी करतो आणि गव्हर्नरपदाला उभा राहतो. त्या वर्षी वसंतात काही पोलमध्ये ते व्हिटमरच्या बरोबरीला, एखाद्यात पुढेही होते. मग वर्तमानपत्रांनी ‘हा खरा डेमोक्रॅट नाही’, ‘पैसेवाला हौशी’ असं सुरू केलं. आपला माणूस वर यायला लागला की हे होतंच. मूळ प्रश्न हा आहे.

रॉयलओकची_सई
तळेगावकर, मूळ प्रश्न हा नाही. पण काढलाच आहे, तर बोलते.

मी त्या उन्हाळ्यात एल-सय्यद यांच्यासाठी फोन केले आहेत, रोज संध्याकाळी. ठाणेदार वर का आले? स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरहून जास्त त्यांनी ओतले. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांची जाहिरात होती. फोनवर लोक म्हणायचे, "तो टीव्हीवरचा गृहस्थ? हो, चांगला वाटतो." धोरण काय, विचारलं की पलीकडे शांतता. त्या वेळी पोल घेतला असता तर अशा लोकांचं उत्तर ‘ठाणेदार’ असंच नोंदलं गेलं असतं. नोव्हीकर म्हणतात ती नावाची ओळख हीच.

वर्तमानपत्रांनी प्रश्न विचारले ते विचारायलाच हवे होते. न्यू जर्सीतली त्यांची प्राण्यांवर चाचण्या करणारी प्रयोगशाळा बँकेनं ताब्यात घेतली, तेव्हा आत अडकलेल्या बीगल कुत्र्यांचं प्रकरण साधं नव्हतं. त्यांनी जबाबदारी बँकेवर टाकली. मतदारांनी काय ते ठरवलं.

तळेगावकर
म्हणजे आता कुत्री. अहो, तुम्ही मराठी असून एका मराठी माणसाच्या विरोधात दारोदार फिरलात, हे इथे अभिमानानं लिहिताय?

रॉयलओकची_सई
फोन केले, दारोदार नाही. आणि हो, अभिमानानंच. मला आरोग्यविमा सगळ्यांना हवा होता, त्यासाठी ज्याच्यावर विश्वास बसला त्याच्यासाठी काम केलं. बेळगावचा आहे म्हणून मत द्यायचं, तर मग जातीवर मत देणाऱ्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवता? माझे सासरे कोल्हापुरात आयुष्यभर याच गोष्टीशी भांडले. इथे येऊन मी तेच करायचं?

तळेगावकर
सासऱ्यांना मध्ये आणू नका. आपला एकही माणूस वर नसला की काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. ऐंशीच्या दशकात इथे आलो तेव्हा ऑफिसात माझं नाव कोणी नीट उच्चारायचं नाही, मलाच तोडून सांगावं लागायचं. टीव्हीवर एक मराठी आडनाव गव्हर्नरपदासाठी झळकलं तेव्हा माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुम्हाला पैशाचा खेळ वाटत असेल तर वाटो. आणि निकाल नीट बघा: राज्यात तिसरे, १७ टक्के, पण डेट्रॉईट शहरात पहिले! ते कुठल्या पोलनं सांगितलं होतं?

कॅन्टनची_माई
दोघांनीही जरा दमानं घ्या. सई, काकांचं वय बघा. काका, तुम्हीही तिला ‘मराठी असून’ म्हणायला नको होतं.

मी नोव्हीकरांच्या तिसऱ्या मुद्द्यावर लिहिते, कारण तो मी जवळून पाहिलाय. २०१८ ला माझ्या सासऱ्यांचं नागरिक म्हणून पहिलं मतदान. शाळेच्या जिममध्ये उभे राहून मोठ्या कागदावर काळ्या शाईनं एकेक अंडाकृती गोल भरत होते, परीक्षेला बसल्यासारखे मन लावून. गव्हर्नरसाठी डेमोक्रॅटिक रकान्यात ठाणेदार, आणि शेजारच्या रिपब्लिकन रकान्यात कॅली, कारण कॅली सभ्य वाटले. "दोन्हीकडचा चांगला माणूस निवडायचा ना?" यंत्रात कागद सरकवला तर परत बाहेर. दोन रकान्यांत खुणा केल्या की पक्षाचा सगळा भाग बाद. तिथल्या बाईंनी नवा कागद दिला, पुन्हा सगळं भरायला लागलं. घरून पोस्टानं पाठवला असता तर कळलंही नसतं.

आधी कधीच मत न दिलेल्या अशा माणसाला पोलवाले धरतच नाहीत. त्या ऑगस्टला मतदानाचा विक्रम झाला, वीस लाखांच्या वर. हे नवे लोक कुठे जाणार, कोणाला माहीत होतं?

आकडेबाज
माई, नवे मतदार येऊनही व्हिटमर जिंकल्याच. म्हणजे नवे लोकही जुन्यांसारखेच वागले. तुमची गोष्ट छान आहे, पण ती एका घराची आहे.

तळेगावकर, डेट्रॉईट शहरापुरतं तुमचं बरोबर. तेवढं मी धरलं नव्हतं. पण त्याचं कारण मराठीपण नाही. शहरात त्यांच्या जाहिराती सतत होत्या आणि माणूस स्वतः तिथे जात राहिला.

एडिसनवाला
न्यू जर्सीचं नाव आलं म्हणून लिहितो. शेरिल जिंकणार हे बरोबर ठरलं, पण तुम्ही पोलना जास्तच श्रेय देताय. आमच्याकडे २०२४ पर्यंत ‘काउंटी लाइन’ होती: जिल्ह्याच्या पक्षानं निवडलेला उमेदवार मतपत्रिकेवर ठळक रांगेत, बाकीचे कोपऱ्यात. सिनेटचे उमेदवार अँडी किम यांच्या खटल्यात कोर्टानं ती डेमोक्रॅट्ससाठी थांबवली. तोपर्यंत भाकीत करायला पोल लागतच नव्हता, काउंटी अध्यक्ष कोणाकडे आहेत एवढं कळलं की पुरे. ती रांग गेल्यावरही जिल्हा संघटनांचं बळ शेरिल यांच्याकडेच जास्त होतं. शिवाय ३४ टक्क्यांवर जिंकल्या, म्हणजे तिघांतल्या दोघांनी दुसऱ्यालाच मत दिलं. शिक्षक संघटनेच्या पैशातून त्यांचेच अध्यक्ष, उमेदवार स्पिलर यांच्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि मतं दहा टक्क्यांच्या आसपास. पैसा ओतला की माणूस वर येतो, हेही दरवेळी खरं नाही, सई.

रॉयलओकची_सई
वसंतात वर येतो, मतदानाला उतरतो. मी तेच म्हणत होते.

आणि काका, तुम्हाला बरं वाटेल असं एक सांगते. २०२२ ला तेच डेट्रॉईट धरून ठाणेदार काँग्रेसमध्ये गेले. नऊ उमेदवार, त्यांना २८ टक्के. कृष्णवर्णीय नेत्यांची मतं फुटली आणि सुमारे सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या शहराचा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तुमच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी समजू शकते. शहरातल्या माझ्या मैत्रिणींनाही त्या रात्री रडू आलं. त्यांचंही मोजा.

तळेगावकर
त्यांना वाईट वाटलं असेल. ते नाकारत नाही. पण मतं फुटली हा ठाणेदारांचा गुन्हा नव्हे.

नोव्हीकर
धागा बेळगावला पोचलाच आहे, तर तिथूनच माझ्या मुद्द्याकडे येतो. २०२४ ला ठाणेदारांसमोर पुन्हा अ‍ॅडम हॉलियर उभे राहणार होते, २०२२ ला दुसरे आलेले. त्यांचं काय झालं? वैध सह्या कमी पडल्या, अर्ज बाद. पुन्हा सह्या! आकडेबाज, तुम्ही म्हणता हा पोलचा दोष नाही. मान्य, नाही. पण तुम्ही पोलबद्दल लिहिलं नव्हतंत, ‘प्रायमरी संपली’ असं लिहिलं होतंत. ज्या राज्यात दोन वर्षांच्या अंतरानं मोठे उमेदवार सह्यांवर गळतात, तिथे अर्जांची छाननी व्हायच्या आधी हे वाक्य लिहायचं नाही.

फ्लोरिडा २०१८ तुम्ही सोयीनं टाळलंत. गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अँड्र्यू गिलम पोलमध्ये तिसरे-चौथे, जिंकले ३४ टक्क्यांवर. चार-पाच तगडे उमेदवार असले की असंच होतं, आणि आपल्या रिपब्लिकन बाजूला माइक कॉक्स, एरिक नेस्बिट यांच्यासारखे जुने लोक उतरले. शिवाय डेट्रॉईटचे माजी महापौर माईक डगन यांनी अपक्ष म्हणून उभं राहण्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे ओढा असलेले लोक ऑगस्टला कुठल्या रकान्यात जाणार, की घरीच बसणार?

आकडेबाज
फ्लोरिडा दिलं तुम्हाला. सह्यांचंही दिलं: अर्जांची छाननी होईपर्यंत ‘संपली’ हा शब्द मागे घेतो, तेवढाच. पण जेम्स आणि बेन्सन मतपत्रिकेवर असले तर तेच जिंकतील, यावर मी ठाम आहे. त्या आठवड्यात माईंच्या घरी जमू आणि निकाल एकत्र बघू.

कॅन्टनची_माई
या सगळे. सासऱ्यांनी आत्ताच विचारलंय की या वेळी कुठल्या एकाच रकान्यात खूण करायची. तळेगावकर आणि सई, दोघंही या, पण त्यांना कोणी काही पढवायचं नाही.