प्रतिसाद : सूर्यग्रहण आणि इंकांचे ज्ञान

टिनटिन या चित्रकथा-नायकाच्या १९४९ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘प्रिझनर्स ऑफ द सन’मधील ग्रहणाचा प्रसंग (पेरूतले इंका लोक टिनटिनला जाळायला निघतात, तेव्हा तो ग्रहणाची आगाऊ माहिती वापरून सूर्य आपल्या हुकमात असल्याचे भासवतो) आपण ‘सूर्यपूजक समाज म्हटल्यावर पटण्याजोगा’ ठरवला आहे. मला मात्र नेमकी सूर्यपूजेमुळेच तो पटत नाही. कुस्को या आपल्या राजधानीभोवतालच्या टेकड्यांवर स्तंभ उभारून त्यांच्या आधारे सूर्योदय-सूर्यास्ताच्या जागा पाहणारे आणि पेरणीचे दिवस ठरवणारे लोक, वर्तमानपत्राचा कपटा वाचलेल्या एका परक्या मुलाच्या हुकमाने सूर्य झाकला गेला असे मानतील, ही कल्पना लेखकाच्या सोयीची आहे. ग्रहणाची त्यांना भीती वाटत असे, हे खरे. चंद्रग्रहणात चंद्र आजारी पडला असे समजून ते कुत्र्यांना मारून भुंकायला लावत, असे इंका वंशातील इतिहासलेखक गार्सिलासो दे ला वेगाने नोंदवले आहे. पण भीती वाटणे वेगळे आणि आकाशाकडे कधी पाहिलेच नसणे वेगळे.

त्या कथेच्या पहिल्या भागातल्या, ‘द सेव्हन क्रिस्टल बॉल्स’मधल्या, शापित ममीबद्दल तर कोणी बोललेच नाही. शापाची ही कल्पना इजिप्तच्या थडग्यांवरून उसनी घेतलेली दिसते. इंकांच्या मृत राजांची शरीरे गूढ विवरात दडलेली नसत. त्यांच्याकडे जमीन व सेवक असत, सणाला त्यांना चौकात आणून बसवले जाई आणि त्यांच्यापुढे चिचा ही मक्याची दारू ठेवली जाई. स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओन्देगार्दो याने १५५९ साली, कुटुंबांनी स्पॅनिशांपासून लपवून ठेवलेली अशी काही शरीरे शोधून जप्त केली. थडगे उकरणाऱ्यांच्या मागे लागलेल्या शापापेक्षा, पूर्वजांना लपवत फिरणाऱ्या कुटुंबांची ही हकीकत मला कितीतरी अधिक थरारक वाटते.