मदत हवी आहे: डेट्रॉइट डाउनटाउनच्या बुक टॉवरमध्ये कोणी राहिलंय का?

नमस्कार मंडळी, आई-बाबा पुण्याहून येतायत. आम्ही डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहतो, पण एक शनिवार-रविवार त्यांना डाउनटाउनमध्ये ठेवायचा विचार आहे, वॉशिंग्टन बुलेव्हार्डवरच्या बुक टॉवरमधल्या रूस्ट या हॉटेलमध्ये. १९२६ ची ३८ मजली इमारत, २००९ पासून ओस पडलेली. डागडुजी होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडली. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत, त्यामुळे दर्शनी भागावरच्या दगडी स्त्रीमूर्ती आणि आतल्या गोल दालनावरचं रंगीत काचेचं छत बघून ते तासभर तरी हलणार नाहीत!

खोल्यांमध्ये स्वयंपाकघर आहे, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. आईला पहाटे पाचला आल्याचा चहा लागतो आणि रात्री वरण-भात. पण फोडणी दिली की अलार्म बोंबलतो का? दुसऱ्या एका हॉटेलात जिऱ्या-मोहरीपायी अख्खा मजला खाली उतरला होता, म्हणून विचारतेय. कुकर चालेल अशी शेगडी आहे का, की आपली इंडक्शनची भांडी न्यावी लागतील?

१४ व्या मजल्यावर बार आहे, त्याचा आवाज खोलीत येतो का? आईची झोप सावध आहे. कोणत्या बाजूची खोली मागावी? गाडी व्हॅलेटला द्यावी की जवळ बरं पार्किंग आहे? लायन्सची (डेट्रॉइटच्या अमेरिकन फुटबॉल संघाची) मॅच असेल त्या दिवशी दर किती चढतात, तेही सांगा.

जाहिरातीतले फोटो पाहून झालेत, राहून आलेल्यांचा अनुभव हवाय.