इन्फ्लेशनची प्रतिमाने शेकड्यांनी आहेत, मग निरीक्षणे त्यांतून निवड कशी करतात?

प्रश्न

महास्फोटानंतर उरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांना जवळजवळ सारखेच, म्हणजे २.७२५ केल्विन, आढळते. साध्या महास्फोटाच्या चित्रात या भागांना एकमेकांशी संपर्क साधण्याइतका अवधीच मिळत नाही. ही अडचण सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाने, म्हणजे इन्फ्लेशनने, सुटते, हे मला पटते. माझे घोडे पुढे अडते. प्रसरण घडवणाऱ्या अदिश क्षेत्राच्या (ज्याला प्रत्येक बिंदूवर फक्त मूल्य असते, दिशा नसते) विभवाचा, म्हणजे क्षेत्राच्या मूल्यानुसार बदलणाऱ्या ऊर्जेचा, आकार जर हवा तसा निवडता येत असेल, तर सर्वांत साधे वर्ग-विभवाचे (विभव क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असलेले) प्रतिमान बाद झाले आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टारोबिन्स्कीचे टिकले, ते कशाच्या जोरावर?

प्रतिसाद १

मुख्यतः दोन आकड्यांच्या जोरावर. घनतेतील चढउतार लहान-मोठ्या सर्व अंतरांवर सारखेच असते, तर अंतरानुसार त्यांत होणारा बदल सांगणारा वर्णपटीय निर्देशांक नेमका १ आला असता. पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणात तो ०.९६५ च्या आसपास आहे. दुसरा आकडा आर, म्हणजे आद्य गुरुत्वीय लहरींचे या चढउतारांशी असलेले प्रमाण.

आता हिशेब करून पाहा. आज दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या रचनांचे ठसे उमटल्यापासून इन्फ्लेशन संपेपर्यंत विश्व सुमारे ६० ई-पट (एक ई-पट म्हणजे सुमारे २.७१८ पट वाढ), म्हणजे ढोबळमानाने एकावर २६ शून्ये इतके पट, फुगले असे धरू. दोन्ही प्रतिमानांत निर्देशांक १ वजा २ भागिले ६०, म्हणजे ०.९६७ येतो, त्यामुळे पहिल्या कसोटीवर दोन्ही उतरतात. आर मात्र वर्ग-विभवात ८ भागिले ६०, म्हणजे ०.१३ येतो, तर स्टारोबिन्स्कीच्या प्रतिमानात १२ भागिले ६० चा वर्ग, म्हणजे जेमतेम ०.००३. दक्षिण ध्रुवावरील बायसेप आणि केक दुर्बिणींच्या २०२१ च्या निष्कर्षांनुसार आर ०.०३६ पेक्षा कमी असला पाहिजे. वर्ग-विभव तिथेच संपले, आणि इतके देखणे प्रतिमान हातचे गेल्याची मला आजही हळहळ वाटते.

प्रतिसाद २

एक भर घालतो. स्टारोबिन्स्कीने १९८० मध्ये कोणतेही विभव निवडले नव्हते. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणात वक्रतेच्या वर्गाचे पद मिळवले होते. समीकरणे दुसऱ्या रूपात मांडली की त्यातून अदिश क्षेत्र आणि त्याचे पठारासारखे सपाट विभव आपोआप निघते. उतार जितका मंद, तितक्या गुरुत्वीय लहरी क्षीण. तरीही आपली शंका इथे रास्त ठरते, कारण मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्रावर आधारलेले इन्फ्लेशनही पठारच देते आणि त्याची भाकिते जवळजवळ हीच आहेत. त्या दोघांत निवड करणे आजच्या अचूकतेच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रश्नकर्ता

हिशेब समजला, आभारी आहे. पण २०१४ मध्ये आर सुमारे ०.२ असल्याचे जाहीर झाले होते ना?

प्रतिसाद १

झाले होते. त्या वर्षी मार्चमध्ये बायसेप-२ च्या चमूने पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवीकरणातील (लहरींच्या कंपनदिशेतील) भोवऱ्यांसारख्या आकृतिबंधावरून, जो आद्य गुरुत्वीय लहरीही उमटवतात, तो दावा केला. निरीक्षणे एकाच वारंवारितेवर, १५० गिगाहर्ट्झला, घेतलेली होती, आणि आपल्याच आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राने रांगेत आणलेले धूलिकण नेमका तसाच आकृतिबंध उमटवतात. प्लँकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशांवर, जिथे धूळ अधिक तेजस्वी दिसते, पडताळणी केल्यावर २०१५ च्या संयुक्त विश्लेषणात गुरुत्वीय लहरींचा निश्चित संकेत उरला नाही. म्हणूनच नियोजित लाइटबर्ड उपग्रह अनेक वारंवारितांवर मोजमाप करणार आहे; आरमधील अनिश्चितता ०.००१ पर्यंत खाली आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि स्टारोबिन्स्कीचा ०.००३ त्याच टप्प्यात येतो.