पोसिलोपोरात बारका खेकडा बसलाय, काढू का राहू देऊ? (सांगली)

विश्रामबाग_रीफ:
नमस्कार मंडळी. सांगलीत घरी ४० गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, सॅलिनिटी १.०२५, तापमान २६, अल्कलिनिटी ८.५ च्या आसपास, हे सगळं स्थिर आहे. या आठवड्यात पुण्याहून गुलाबी पोसिलोपोरा (फांद्यांचा दगडी प्रवाळ) आणला, मुठीएवढी कॉलनी आहे. काल रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर टॉर्च मारला तर फांद्यांच्या बेचक्यात एक खेकडा, जेमतेम १ सेंटीमीटरचा, पाठ एकदम गुळगुळीत, फिकट अंगावर लाल ठिपके. नांग्यांची टोकं जरा काळपट वाटली आणि तिथंच टेन्शन आलं, कारण काळी टोकं म्हणजे गोरिला क्रॅब, प्रवाळ खाणारा खेकडा, असं सगळीकडे वाचलंय. दुकानदार म्हणाला डिप मारा, म्हणजे प्रवाळ औषधाच्या पाण्यात बुडवा, सगळं खाली पडेल. बुडाकडचे पॉलिप्स (प्रवाळाचे बारीक जिवंत जीव) नीट उघडत नाहीयेत ते याच्यामुळं असेल का? प्रवाळ महागडा आहे, लवकर सांगा.

मिरज_सॉल्टवॉटर:
भाऊ अजिबात काढू नका!! वर्णनावरून तो ट्रॅपेझिया आहे, पोसिलोपोराचा राखणदार. हा खेकडा प्रवाळाच्या अंगावरचा चिकट द्रव खातो, त्याच्या पायांच्या टोकाला कंगव्यासारखे केस असतात त्यानं तो ओरबाडून घेतो, आणि पोसिलोपोरा त्याच्यासाठी टोकांवर चरबीचे बारीक गोळे सुद्धा तयार करतो. बदल्यात हा घर राखतो. समुद्रात काटेरी तारामासा, तोच ज्याला क्राउन ऑफ थॉर्न्स म्हणतात, प्रवाळावर चढायला लागला की हे एवढेसे खेकडे त्याचे पाय चिमटून त्याला माघारी लावतात. आणि नुसती राखणच नाही तर साफसफाई पण. ताहितीजवळ मोरेया बेटावर शास्त्रज्ञांनी बारक्या प्रवाळांवरचे खेकडे मुद्दाम काढून बघितले, निष्कर्ष २००६ साली छापून आले. खेकडे काढलेल्यांपैकी ४५ ते ८० टक्के प्रवाळ महिन्याच्या आत मेले, खेकडे असलेले सगळे जगले. कारण वरून बसणारा गाळ हे खेकडे ढकलून टाकत होते. आपल्या टँकमध्ये तारामासा नसतो पण वेव्हमेकरनं (पाणी हलवणाऱ्या पंपानं) उडालेली वाळू तर बसतेच ना फांद्यात.
पॉलिप्सचं म्हणाल तर नवीन प्रवाळ आहे, प्रवास झालाय, बुडाशी लाइट आणि पाण्याचा फ्लो कमी पोचतो. थोडे दिवस द्या.

कऱ्हाडचा_रीफर:
मिरजकरांशी सहमत, फक्त ओळखण्याबद्दल थोडं सांगतो कारण इथंच लोक चुकतात आणि चांगला खेकडा मारून टाकतात. नांगीच्या टोकाचा रंग बघून ठरवू नका. ट्रॅपेझियाच्या काही जातींची टोकं तपकिरी काळपट असतातच. आणि उलट सायमो नावाचा खेकडा आहे, त्याच्या एका जातीची टोकं काळी तर दुसरीची पांढरी, म्हणजे पांढरं दिसलं म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. केसावर पण डोळे झाकून जाऊ नका, ट्रॅपेझिया सायमोडोसीच्या नांग्यांवर बाहेरून मखमली लव असते. बघायची ती पाठ. ट्रॅपेझियाची पाठ घासून पॉलिश केल्यासारखी, अंग चपटं, दोन्ही नांग्या लांब आणि साधारण सारख्या. गोरिला म्हणतात त्यांची पाठ आणि पाय केसाळ, अंग जाडजूड. सायमोची पाठ खडबडीत, नांग्यांवर दाणे, आणि एक नांगी मोठी एक बारकी.
सायमोला पण लगेच शिव्या घालू नका, तो अॅक्रोपोरा या दुसऱ्या प्रवाळाच्या पांढऱ्या पडत जाणाऱ्या रोगाच्या कडेला खाताना दिसतो म्हणून बदनाम आहे, पण २०१३ च्या एका अभ्यासात तो होता तिथं रोग उलट हळू पसरला. तरी घरच्या टँकमध्ये मी सायमो ठेवणार नाही, तिथं प्रवाळ एवढासा असतो.

विश्रामबाग_रीफ:
दोघांचे खूप आभार. आत्ताच लाल टॉर्चनं बघितलं, पाठ गुळगुळीतच आहे, केस कुठंच नाहीत, नांग्या सारख्या. आणि एक गोष्ट बघायला मिळाली, बुडाच्या फांदीवर वाळूचा खडा अडकला होता, तो त्यानं पायानं सरकवत सरकवत फांदीच्या कडेला नेला आणि खाली पाडला. राहू देतोय. पण डिप राहिलंय, फ्लॅटवर्मची (प्रवाळ खाणाऱ्या चपट्या किड्यांची) भीती वाटते, मग डिप करताना याचं काय करू?

सातारा_खारंपाणी:
दादा, डिपच्या आधी त्याला बाहेर काढून ठेवा, डिपमध्ये खेकडे तडफडून मरतात. कॉलनी टँकच्या पाण्याच्या बादलीवर उलटी धरायची आणि सिरिंजनं टँकचंच पाणी फांद्यांत जोरात मारायचं. नाही पडला तर लाकडी काडीनं हळूच ढकला, चिमट्यानं ओढू नका, पाय तुटतो. मग प्रवाळाला डिप, धुऊन परत जागेवर, आणि खेकडा एका पेल्यात घेऊन थेट फांद्यांपाशी सोडा. वाळूवर सोडला तर रॅस माशानं गट्टम केलाच म्हणून समजा.
आणि खाणं. समुद्रात एका मोठ्या कॉलनीत एका जातीची मोठी जोडी एकच राहते, बाकीच्यांना हाकलतात. म्हणजे दुसरा आणायच्या भानगडीत पडू नका, मुठीएवढ्या प्रवाळाला एकच बास. चिकट द्रव कमी पडला तर तो पॉलिप कुरतडू शकतो, म्हणून टँकचा लाइट बंद झाल्यावर थोडं मायसिस (बारक्या कोळंबीसारखं खाद्य) बारीक करून पिपेटनं फांदीजवळ सोडत जा. पण बेतानं, उन्हाळ्यात आपल्याकडं पाणी तापतं आणि वरून घरची वीज गेली की ऑक्सिजनची बोंब, त्यात कुजकं खाणं नको.

मिरज_सॉल्टवॉटर:
साताऱ्याच्या ताईंनी एकदम बरोबर सांगितलं. अजून एक, कधी फांदीचं टोक फुगून बंद टोपलीसारखं झालं तर घाबरून तोडू नका, आत गॉल क्रॅब नावाच्या बारक्या खेकड्याची मादी असते, ती तिथंच आयुष्य काढते.

नवीन_मासेवाला:
भारी धागा. मी पुढच्या महिन्यात मालवणला स्नॉर्कलिंगला चाललोय, तिथल्या प्रवाळात असे खेकडे असतील तर एखादा आणू का?

कऱ्हाडचा_रीफर:
अजिबात नको भाऊ. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. खेकडा फांद्यांत घट्ट बसतो, तो काढायला प्रवाळ मोडावाच लागतो. मेलेला तुकडा सुद्धा उचलायचा नाही. तिथं मास्क लावून मनसोक्त बघा, आणि टँकसाठी पाहिजे असेल तर बिल देणाऱ्या दुकानदाराकडून प्रवाळ घेताना फांद्यांत टॉर्च मारून बघा, बऱ्याचदा खेकडा आतच असतो.